मुकादमांची अर्धी मिशी

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आधी बाबासोंची मिशी पोचते आणि मागनं बाबासो येतात, असं त्यांच्या टोळीतले हमाल सांगायचे. यात थोडी भर घातलेली होती, पण फार नव्हती. मिशी होतीच तशी. ओठावर भरगच्च, आणि दोन्ही टोकांना पोती ओढायच्या आकड्यासारखी वर वळलेली. बाबासो टोळीचे मुकादम. कुठली लॉरी कुणी खाली करायची, कुठल्या गाळ्यावर किती माणसं लावायची, हे सगळं ते ठरवत, आणि त्यासाठी त्यांना तोंड उघडावं लागत नसे. उजव्या टोकाला पीळ दिला की लॉरी खाली व्हायला लागायची. दोन्ही हातांनी दोन्ही टोकांना पीळ दिला की भांडण मिटलं असं समजायचं, मग ते कुणाचंही असो.

तोंड न उघडण्याचं आणखी एक कारण होतं. डाव्या गालात तंबाखूची गोळी असायची. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातून मुंबईला आल्यापासून ती तिथेच बसलेली. इतकी वर्षं बसलेल्या भाडेकरूला मालक काढू शकत नाही, आणि बाबासोंनी तसा प्रयत्नही कधी केला नव्हता.

शेवटी भाडेकरूनंच जागा खराब केली. गालाच्या आतल्या बाजूला एक व्रण आला आणि जाईना. हे पहिल्यांदा कळलं ते बायकोला, वेणूबाईंना. तेही कसं, तर नवऱ्यानं ताटातला ठेचा डावीकडनं उजवीकडे सरकवला आणि नंतर ताटाबाहेरच सरकवला. सानपाड्याच्या नव्या सोसायटीत राहायला आल्यापासून वेणूबाईंना दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे नळाला दोन्ही वेळ पाणी, आणि दुसरी म्हणजे आपला ठेचा. त्या बाबासोंना आधी वाशीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आणि त्यांनी चिठ्ठी दिल्यावर खाडीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात.

तिथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव स्मिता. वयानं लहान, पण चष्म्यावरून बघायची पद्धत मोठी. त्यांनी गालाचा तुकडा तपासायला पाठवला, आणि अहवाल आल्यावर दोघांना समोर बसवलं.

"काका, कॅन्सर आहे. पण लहान आहे, वेळेत आलात. तंबाखू आजपासून बंद."

"बंदच केलीया."

"कधीपासून?"

"तुमी म्हनलात तवापासनं," बाबासो म्हणाले, आणि उठून खिडकीजवळच्या बादलीत थुंकून आले.

मग डॉक्टर स्मितांनी उपचार सांगितला. बाहेरनं गालावर मशीननं किरण द्यायचे, साधारण सहा आठवडे. भाजल्याचं कळणार नाही, दुखणार नाही, दोन-चार मिनिटांचं काम. पण किरण गाठीवर पडतात तसे गाठीच्या आजूबाजूच्या चांगल्या भागावरही पडतात, आणि त्या भागाची तक्रार नंतर सुरू होते. तोंड येईल. मुकादमांनी मान हलवली. जेवणाची चव जाईल. मान हलवली. लाळ घट्ट होईल, गालाची कातडी काळी पडेल, मग सोलेल. लॉरीवाल्यानं मालाचा हिशोब सांगावा आणि मुकादमानं तो मान्य करत जावा, तशी मान हलत होती.

"आणि किरणांच्या वाटेतले केस गळतील."

मान थांबली.

"कुठलं क्यास?"

"डाव्या गालावरची दाढी. आणि डावीकडची मिशी."

बाबासो उठून उभे राहिले. वेणूबाईंनी सदऱ्याला धरून त्यांना परत खाली बसवलं.

"मिशी न्हाय जमायची, बाई," बाबासो म्हणाले. "माझं वडील हायेत."

"बरं," डॉक्टर स्मिता म्हणाल्या. "त्यांनाही तपासायचं असेल तर घेऊन या."

"तसं न्हवं वो," वेणूबाई मधे पडल्या. "आमच्यात बा असस्तवर मिशी उतरवत न्हाईत. बा गेला की मगच. हेंच्या तोंडावर मिशी दिसली न्हाय तर लोक म्हनायचं, किसनआबा गेलं."

किसनआबा म्हणजे बाबासोंचे वडील. वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम गावी, सकाळी रानात चक्कर आणि संध्याकाळी पारावर दुसरी. त्यांना या आजारातलं काहीही कळवलेलं नव्हतं, आणि कळवायचंही नव्हतं. त्यामुळे मिशी जाणं म्हणजे नुसतं दिसणं जाणं नव्हतं. धडधाकट बापाला आपल्या तोंडानं मारणं होतं. डॉक्टर स्मिता दादरच्या. त्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी मिशी ठेवलेली नव्हती. ही अडचण वैद्यकीय नाही एवढंच त्यांच्या लक्षात आलं, आणि ती मोठी आहे हेही.

"अर्धीच जाईल, काका. आणि परत येईल. थोडी पातळ येईल कदाचित."

"गाठ गालात हाय. मिशी ओठावर हाय. हिचा काय संबंध?" बाबासोंनी वाद घातला. "आमी नासका कांदा काडतो तवा शेजारचं दोन-चार काडतो. पलीकडच्या गाळ्यातलं न्हाय काडत."

"कांद्याचं इथे लागू होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शेजारचा कांदा लागला की लागला, तो काही दुरुस्त होत नाही. तुमच्या गालातल्या चांगल्या पेशी दुरुस्त होतात. किरणांनी त्यांना मार बसतो, पण दुसऱ्या दिवसापर्यंत त्या डागडुजी करून घेतात. वाईट पेशींना ती डागडुजी नीट जमत नाही. म्हणून तर एकदम न देता रोज थोडं थोडं द्यायचं, आणि शनिवार-रविवार सुट्टी. चांगल्यांना सावरायला वेळ मिळतो, वाईट मागे पडतात."

"म्हंजे वाईटांना बी रविवारची सुट्टी."

"हो. पण त्यांना तिचा काही उपयोग करून घेता येत नाही."

टोळीतली दोन-तीन माणसं नेमकी अशीच होती. बाबासोंना पहिल्यांदाच काहीतरी पटल्यासारखं झालं. वेणूबाईंनी तेवढ्यात तारीख ठरवून टाकली.

पहिल्या दिवशी मशीनवरच्या दिनानाथनं बाबासोंना फळीवर झोपवलं आणि जांभळ्या शाईनं गालावर रेषा आखल्या. किरण या चौकटीत द्यायचे, आंघोळीला साबण लावायचा नाही, रेषा पुसू द्यायच्या नाहीत, तेल-हळद काही लावायचं नाही, त्या बाजूला वस्तरा लावायचा नाही, असं बजावलं. बाबासोंनी घरी येऊन आरशात बघितलं. चौकट कानापासून निघाली होती आणि तिची पुढची रेघ ओठाचा कोपरा ओलांडून सरळ मिशीत घुसली होती. डावा आकडा अख्खा आत होता.

मार्केटात टोळीनं दोन दिवस मजा केली. तिथे प्रत्येक पोत्यावर व्यापाऱ्याचा मार्का मारलेला असतो. कुणी विचारी, मुकादम, तुमाला कुठल्या सेठनं घेतलं? कुणी म्हणे, माल चांगला दिसतोय, पण बारदान जुनं हाय. टोळीतला सदू बाबासोंच्याच गावचा. त्याला आजार माहीत होता, आणि गावात एक अक्षर बोलायचं नाही अशी शपथही घातलेली होती. तो तेवढा हसत नव्हता. म्हणजे पाठ फिरवून हसत होता.

पहिला आठवडा गेला. काही झालं नाही. तोंड आलं नाही, चव गेली नाही. बाबासोंना वाटलं, बाई उगीच घाबरवत होत्या. शनिवारी मार्केटात घामानं रेघा फिकट झाल्या, आणि तिथे त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली.

गाळ्यात मार्क्याची शाई होती. निळी, पक्की, पोतं झिजलं तरी न जाणारी. बारीक कुंचला होता. आरसा सदूनं धरला. बाबासोंनी वरची रेघ गिरवली, खालची गिरवली, मागची गिरवली. पुढची मात्र गिरवली नाही. जांभळी होती ती ओल्या फडक्यानं पुसून घेतली आणि एक बोट मागे, मिशीच्या अलीकडे, नवी ओढली. आयुष्यभर हजारो पोत्यांवरचे मार्के बघितलेला माणूस. रेघ दिनानाथच्या रेघेपेक्षा सरळ आली, हे सदूनंही कबूल केलं.

सोमवारी दिनानाथनं त्यांना फळीवर झोपवलं, मशीनचा दिवा लावला, आणि दिव्याची चौकट काही रेघांवर बसेना. तीन बाजू बसायच्या, चौथीकडे बोटभर उजेड बाहेर सांडायचा. त्यानं मशीन पुढेमागे केलं. मग वाकून बघितलं. मग वास घेतला.

"काका, हा रंग आमचा नाही."

"पुसत आलं हुतं म्हनून जरा गिरवलं."

"जरा?"

डॉक्टर स्मितांना बोलावणं गेलं. त्या आल्या, गालाकडे बघितलं, मिशीकडे बघितलं, आणि सगळं समजून स्टुलावर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बाबासोंना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला कसं हाताळायचं ते त्यांना ठाऊक होतं. पण बाई हळू आवाजात बोलायला लागल्या.

"काका, गाठ जेवढी डोळ्यांना दिसते तेवढीच असती, तर चौकट रुपयाएवढी काढली असती. पण तिच्या कडेनं, चांगल्या मांसात, न दिसणाऱ्या पेशी शिरलेल्या असू शकतात. म्हणून चौकट चांगलं मांसही धरून काढतो. ते भाजणार हे माहीत असून धरतो."

"असू शकत्यात, म्हंजे नसतील बी."

"नसतील. पण असल्या आणि आपण मिशीसाठी तेवढी जागा सोडली, तर तिथनं परत उगवेल. मग ऑपरेशन, आणि ऑपरेशनमध्ये गालच काढावा लागेल. मग मिशी लावणार कुठे?"

बाबासोंनी उजव्या टोकाला हात नेला, पण पीळ दिला नाही. दिनानाथनं स्पिरिट घासून घासून निळी रेघ काढायचा प्रयत्न केला. फिकट झाली, गेली नाही. शेवटी तिच्या पुढे जांभळी नवी ओढली आणि रोज मशीन लावताना तो मोठ्यानं म्हणायला लागला, "जांभळी आमची, निळी मुकादमांची." बाबासो डोळे मिटून पडून राहायचे.

मग शेजाऱ्यांनी तक्रारी सुरू केल्या. शेजारी म्हणजे गालातले. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतनं लाल झालं, मग पांढरे चट्टे उठले, आणि पाणी प्यायचं म्हटलं तरी मुकादमांना मनाची तयारी करावी लागायची. लाळ दोरीसारखी झाली. चव गेली ती तर न सांगता गेली. वेणूबाईंनी मऊ भात केला, तर कापूस. दूध दिलं, तर खडू. ताक दिलं, तर पत्र्याच्या डब्याला जीभ लावल्यासारखं.

"ताक इटलंय काय गं?"

"सोसायटीतल्या चार बायकांना दिलं. तुमच्या एकट्याचंच इटलं."

गालाची कातडी भाजलेल्या वांग्यासारखी झाली. वेणूबाईंचे हात हळदीच्या डब्याकडे जायचे आणि डॉक्टरीणबाईंची आठवण येऊन परत यायचे. आणि एका सकाळी दुधाच्या पेल्यात डावी मिशी उतरली. अगदी सगळी एकदम नाही. पण मुकादमांनी पेला खाली ठेवला तेव्हा सायीवर जे तरंगत होतं, ते सायीचं नव्हतं. आठवड्याभरात डावी बाजू साफ झाली. आता निम्म्या तोंडावर पोराचा गाल, आणि निम्म्यावर मुकादम.

"उजवी पन काडून टाका आता," वेणूबाई म्हणाल्या. "बघवत न्हाय."

"उजवीनं काय केलंय? आबा हयात हायेत. एक हाय तवर हाय."

मग बाबासो मार्केटात एका बाजूनं उभे राहायला लागले. लॉरी डावीकडनं आली की ते वळून तिला उजवी बाजू द्यायचे. व्यापाऱ्याशी बोलताना चित्रातल्या राजासारखे आडवे उभे राहायचे, आणि व्यापारी सौजन्यानं फिरून उजवीकडे यायचा. उरलेल्या बाजूला टॉवेल. टोळीलाही सवय झाली. पण एकट्या उजव्या टोकाला पीळ देऊन लॉरी खाली होत होती, भांडण मिटत नव्हतं. त्याला दोन्ही टोकं लागायची. हमाल भांडत राहायचे, आणि मुकादम एका हातानं जमेल तेवढं करायचे.

सोसायटीच्या कोपऱ्यावर प्रसादचं सलून होतं. प्रसाद मूळ कोकणातला, जन्म मुंबईचा, तोंड तिसरीकडचंच. वेणूबाईंनी नवऱ्याला एकदा तिथे लोटून बघितलं.

"काढून देतो मुकादम, दोन मिनिटांचं काम," प्रसाद म्हणाला. "पण आधी सांगा, आबा कसे आहेत?"

"ठनठनीत हायेत."

"मग नाय बाबा. उद्या तुमची मानसं येऊन माझ्या दुकानात रडणार. नवीन आरसे लावलेत. आमाला टेन्शन नको."

बाबासो खुर्चीवरून उठले, आणि त्यांना मनातून बरं वाटलं.

हे असंच निभावलं असतं. पण सदू लग्नाला गावी गेला. शपथ त्यानं पाळली. आजाराचं नाव काढलं नाही. पारावर लोकांनी विचारलं, मुकादम बरा हाय का, तर सदू म्हणाला, बरं हायेत. एवढं बोलून गप्प बसायचं ते त्याला जमलं नाही. गप्प राहण्याचा ताण जास्त झाला आणि एक वाक्य निसटलं, "फकस्त मिशी अर्धी ऱ्हायलीया."

पारावरची माणसं पुढे सरकली. बाप गेला की मिशी जाते हे सगळ्यांना माहीत होतं. बाप असला की मिशी असते हेही माहीत होतं. अर्ध्या मिशीचा दाखला गावात कुणाच्या आठवणीत नव्हता. चर्चा सुरू झाली. एकानं सांगितलं, दत्तक गेलेल्याला दोन बाप असतात, त्यातला एक गेला तर अर्धी काढत असतील. पण बाबासो दत्तक गेलेला नव्हता. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा पाराच्या कडेला बसलेल्या किसनआबांकडे वळल्या. गावच्या वैद्यांनी न विचारता त्यांचा हात हातात घेतला आणि नाडी बघायला लागले.

"मी काय अर्धा गेलोय व्हय?" आबा म्हणाले, आणि हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी लोणंदहून वाशीला निघालेल्या कांद्याच्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी आबा बसलेले होते. पोराला पत्र घालायचं नाही, निरोप धाडायचा नाही, डोळ्यांनी बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

ट्रक मार्केटात लागला तेव्हा बाबासो गाळ्यासमोर उजवी बाजू करून उभे होते. टॉवेल उकाड्यानं खांद्यावर गेला होता. आबा डावीकडनं आले.

बराच वेळ ते पोराच्या गुळगुळीत, काळ्या पडलेल्या गालाकडे बघत उभे राहिले. दोन रंगांच्या रेघा बघितल्या.

"ह्ये काय?"

बाबासो वळले, आणि वळताना सवयीनं पुन्हा उजवी बाजू दिली. आबा चालत पलीकडे गेले.

"औषधानं झालंय, आबा."

"कसलं औषध?"

"गालात गाठ हुती. बारकी. किरनं देत्यात मशिनीची." मग कांद्याच्या ढिगाकडे बघत बाबासोंनी पुढचा शब्द सांगून टाकला.

आबांनी तो ऐकला. हातातली काठी पोत्याला टेकवली.

"मला कळवलं न्हाईस."

"तुमाला तरास नगं म्हनून."

"अख्ख्या गावानं पारावर माझी नाडी बघितली. त्यो तरास न्हवं?" आबा म्हणाले. "ये हिकडं. गाल बघू."

त्यांनी हात पुढे केला. हात लावायचा न्हाय, आग व्हती, असं बाबासोंनी सांगितलं. तसा आबांनी हात मागे घेतला, वाकले, आणि लहान पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी गालावर हळू फुंकर घातली. टोळी बघत होती. एक लॉरी तशीच उभी राहिली.

"मरनार हाईस का?" आबांनी विचारलं.

"बाई न्हाय म्हनत्यात. औशीद पुरं केलं तर."

"मग पुरं कर. आनि ही उजवी काडून टाक."

"तुमी हयात असताना?"

"अर्ध्यानं लोकं कोड्यात पडत्यात. पुरी गेली तर इचारतील तरी. मी जिता हाय ह्ये सांगाया मी हाय की."

प्रसादनं अट घातली. आबांनी शेजारच्या खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून, काम होईपर्यंत बसायचं, आणि अधूनमधून बोलायचं. आबा बसले. सोसायटीतली चार माणसं दारात जमली. प्रसादनं आधी कात्री चालवली, मग वस्तरा, तोही फक्त उजव्या बाजूला, डाव्या बाजूकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. बाबासो डोळे मिटून होते. वस्तरा थांबला की शेजारच्या खुर्चीतून आवाज यायचा, "हाय मी. हाय." जाता-येता लोक आत बघायचे, आबा त्यांना हात करायचे. शेवटी बाबासोंनी डोळे उघडले. नव्या आरशात एक अनोळखी, जरा घाबरलेला गृहस्थ बसला होता. शेजारी त्याचा बाप स्वतःच्या पांढऱ्या मिशीला पीळ देत होता.

त्या दिवसापासून आबा मार्केटात येऊन बसायला लागले. गाळ्याच्या तोंडाशी एक भरलेलं पोतं, त्यावर आबा. बातमी पसरायची ती पसरलीच. शेजारच्या तालुक्यातला एक म्हातारा हमाल दुसऱ्या गाळ्यावरून खास आला, बाबासोंच्या तोंडाकडे बघून सुस्कारा टाकला, आणि त्यांच्याशी बोलायचं धाडस न झाल्यामुळे पोत्यावरच्या म्हाताऱ्याशेजारी बसला.

"कवा झालं?"

"कुनाचं?" आबांनी विचारलं.

"मुकादमाच्या वडलांचं."

"आजून न्हाय. बसा, च्या सांगतो."

त्यानं चहा घेतला आणि अर्धा पिऊन झाल्यावर त्याला उलगडा झाला. नंतर तो रोज यायला लागला. सांत्वनाला येणारे असे बरेच जण आबांनी चहा पाजून परत पाठवले. टोळीची अडचणही सुटली. मुकादम तोंड दुखतंय म्हणून बोलत नव्हते, मिशी नव्हती म्हणून खुणा होत नव्हत्या. मग लॉरी आली की बाबासो आबांकडे बघायचे, आबा आपल्या मिशीला पीळ द्यायचे, आणि लॉरी खाली व्हायची. भांडण झालं तर दोन्ही टोकं. बदली कामगाराची अशी नेमणूक मार्केटात पहिलीच असावी.

उपचार संपला त्या दिवशी आबाही हॉस्पिटलात गेले. तोंडाची अवस्था सगळ्यात वाईट तेव्हाच होती. कातडी सोलत होती, घोटभर पाणी म्हणजे परीक्षा. डॉक्टर स्मितांनी गालाच्या आत बोट फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि म्हणाल्या, "गाठ हाताला लागत नाही. आता अजून काही दिवस त्रास राहील. मग चांगल्या पेशी कामाला लागतील. तपासायला मात्र येत राहायचं, बरीच वर्षं."

"बाई," आबांनी विचारलं, "मिशी कवा?"

"उजवी लवकर. डावी काही महिन्यांनी, आली तर."

"आली तर?"

"किरणांनी मुळांनाही मार बसतो. मुळं किती सावरतात ते बघायचं."

आबांनी त्यावर निर्णय घेऊन टाकला. पोराच्या तोंडावर मिशी उगवेपर्यंत गावी जायचं नाही. आपण इथनं उठलो की लोक परत म्हणणार, गेला वाटतं म्हातारा. वेणूबाईंच्या स्वयंपाकघरावर संकट आलं. एका पाटावर नवरा, ज्याला कशाचीच चव लागत नव्हती. दुसऱ्या पाटावर सासरा, ज्याला सगळ्याची लागत होती आणि एकही आवडत नव्हती. ह्याला तिखट चालेना, त्यांना तिखटाशिवाय गिळवेना. दात एकाला नव्हते, आणि खाता दोघांनाही येत नव्हतं.

पण हळूहळू तोंड शांत झालं. काळी कातडी गळून गेली आणि खालनं नवी, गुलाबी, एखाद्या लहान पोराची असावी तशी आली. एके दिवशी पिठल्याचा घास घेऊन बाबासो थांबले.

"मीठ कमी हाय."

वेणूबाईंनी पळी खाली ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं काढलेली खोट त्यांना पहिल्यांदाच गोड लागली. त्यांनी मिठाचा डबा आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि तिथेच बसून राहिल्या.

उजवी मिशी उगवली, वाढली, टोक धरायला लागली. डावीकडे काही नव्हतं. आबा रोज सकाळी पोराला खिडकीपाशी उजेडात उभं करायचे, चष्मा लावायचे आणि रानात उगवण बघावी तसे गालाजवळ डोळा नेऊन बघायचे. मग चष्मा काढून ठेवायचे. गणपती गेले, दसरा आला. मग एका सकाळी त्यांनी चष्मा काढला नाही. ओठाच्या कोपऱ्याशी बारीक, मऊ लव दिसत होती.

दिवाळीपर्यंत डावी बाजू भरत आली. उजवीसारखी नाही. पण कंगवा लागेल एवढी. आता टोळीत भांडण झालं की मुकादमांचे दोन्ही हात मिशीकडे जायला लागले होते. गावाकडनं निरोप आला की शाळूची पेरणी राहिलीय, आबांनी यावं. आबांनी पिशवी भरली. सकाळी पुन्हा बाबासोंना खिडकीपाशी उभं केलं, चष्मा लावला, उजवी बघितली, डावी बघितली, पुन्हा उजवी बघितली.

"आली की रं," ते म्हणाले. "मग निगू का?"

बाबासोंनी आरशाकडे बघितलं नाही. डाव्या बाजूवरून एकदा बोट फिरवलं. स्वयंपाकघराच्या दारात वेणूबाई ओल्या हातांनी उभ्या होत्या.

"डावी आजून पातळ हाय, आबा," ते म्हणाले.

आबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि गाल अगदी जवळून बघितला. बराच वेळ बघितला.

"हाय खरं," ते म्हणाले. पिशवी भिंतीला लावून ठेवली आणि सुनेला सांगितलं, "वेणे, माझं बी तांदूळ टाक."